‘हास्यजत्रा’ खरंच निखळ आहे का?

‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’बद्दल आजवर जे कौतुकाचं छापून आलंय, त्यातून ‘निखळ’ हा एक शब्द काढून टाकला तर बरेचसे लेख लंगडे पडतील. निखळ विनोद, निखळ मनोरंजन, निखळ हास्य. त्याच्या मागोमाग ‘सहकुटुंब बघता येतं’, आणि लिहिणारा जरा जुन्या पिढीतला असला तर ‘मराठी विनोदाची थोर परंपरा’. अमिताभ बच्चननी या टीमला भेटून कौतुक केलं, तेव्हापासून तर या कार्यक्रमाबद्दल वाकडं बोलणं म्हणजे लग्नात जेवून उठताना वरणाला नावं ठेवण्यासारखं झालंय.

आधीच सांगतो, मी हा कार्यक्रम बघतो. २०१८ मध्ये सोनी मराठी वाहिनी सुरू झाली आणि हास्यजत्राही, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटाकडे होतो. आमच्यातल्या बहुतेकांनी तो टीव्हीवर पाहिलाच नाही. सबमिशनच्या रात्री, मोबाईल स्टीलच्या ग्लासला टेकवून, यूट्यूबवर पाहिला. आता नाशिकच्या घरात आई-बाबा तो टीव्हीवर बघतात, मी येता-जाता बघतो आणि उरलेला जेवताना फोनवर. म्हणजे तक्रार करणारा माणूस बाहेरचा नाही, पंगतीतलाच आहे.

तर प्रश्न असा, की जेवढं कौतुक होतं तेवढा हा कार्यक्रम चांगला आहे का? मला वाटतं, ज्या गोष्टीसाठी त्याचं कौतुक व्हायला हवं ती बाजूला राहते, आणि ज्यासाठी होतं ती त्याच्याकडे पूर्ण नाही.

आधी चांगल्याकडे. हास्यजत्रेत कोणीही खऱ्यासारखं वागत नाही. समीर चौघुले दारातून आत येतो तसा जगात कोणी आत येत नाही. गुडघे एका दिशेला, मान दुसऱ्या दिशेला, आणि चेहरा या दोघांशी संबंध नसल्यासारखा तिसरीकडेच. नम्रता संभेराव ‘लॉली’ होते तेव्हा तिचा आवाज आणि चाल यांतलं काहीही कुठल्या ओळखीच्या बाईचं नसतं. पण दोन मिनिटांत आपल्याला वाटायला लागतं की ही बाई आपल्या सोसायटीत बी विंगला राहते. अतिशयोक्ती इतकी नेटाने करायची की ती खरी वाटू लागावी, हे सोपं काम नाही. हौशी रंगभूमीवर ते किती अवघड जातं हे पाहायचं असेल तर नाशिकच्या परशुराम सायखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बघा. विनोदी भूमिका आली की दहातले आठ नट फक्त मोठ्यांदा बोलतात.

मी एक प्रयोग केला होता, तुम्हीही करून बघा. आवाज पूर्ण बंद करून स्किट बघायचं. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांच्या जुन्या स्किट्समध्ये पहिली काही मिनिटं आवाजाची गरजच लागत नाही. तिचं एका जागी ठाम उभं राहणं आणि त्याचं तिच्याभोवती कागदासारखं फडफडणं, एवढ्यावरच कळतं की या घरात सत्ता कोणाची आहे. तो बोलायला तोंड उघडतो, ती नुसती बघते, तो तोंड मिटतो. यातला एकही शब्द ऐकू आला नाही तरी हसू येतं. सगळ्या स्किट्सना हे जमत नाही. काहींचा आवाज बंद केला की चार माणसं सोफ्याभोवती हातवारे करताना दिसतात, बाकी काही नाही. पण ज्यांना जमतं ते फार वरच्या दर्जाचं काम आहे, आणि ‘हसून हसून पोट दुखलं’ यापलीकडे त्याबद्दल कोणी काही लिहीत नाही.

फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसाँ याने १९०० मध्ये हसण्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जिवंत माणूस यंत्रासारखा वागायला लागला की आपल्याला हसू येतं. परिस्थिती बदलली तरी तो बदलत नाही, आधी ठरलेलंच करत राहतो. कोडिंग करणाऱ्याला हे लगेच पटेल. एक अट चुकीची लिहिली जाते आणि प्रोग्राम इमानेइतबारे तोच मूर्खपणा लाख वेळा करतो. हास्यजत्रेची उत्तम स्किट्स अशीच चालतात. एका माणसाला एक खूळ असतं. कोणाला प्रत्येक वाक्यात आपला मोठेपणा घुसवायचा असतो, कोणाला समोरच्याचं बोलणं कधीच पूर्ण होऊ द्यायचं नसतं. त्या खुळाला सहज मोडता आलं असतं अशी वेळ वारंवार येते आणि ते मोडत नाही. ओंकार भोजनेचं ‘अगं अगं आई’ गाजलं ते त्या शब्दांत काही गंमत आहे म्हणून नाही. ते नको त्या वेळी, त्याच सुरात, न चुकता येतं म्हणून.

परंपरेचंच नाव घ्यायचं असेल तर इथे पु.लं.पेक्षा आचार्य अत्रे जास्त जवळचे आहेत. अत्र्यांचं ‘साष्टांग नमस्कार’ १९३३ मधलं. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक पात्राला एकेक वेड आहे. कोणी सूर्यनमस्काराने जग सुधारायला निघालाय, कोणाला ज्योतिष, कोणाला सिनेमा, कोणाला कविता. एका घरात एवढी वेडं कोंडली की पुढचं नाटक आपोआप घडतं. सचिन मोटे यांचं लेखन आणि सचिन गोस्वामी यांचं दिग्दर्शन चांगल्या दिवशी हेच करतं. पु.लं.ची माणसं आपल्याला आवडतात आणि शेवटी त्यांची दयाही येते. अत्र्यांच्या या नाटकातली माणसं दया वगैरे मागत नाहीत, त्यांना फक्त आपलं वेड पुढे न्यायचं असतं.

दुसरी गोष्ट बायकांची. हास्यजत्रेच्या आधीची किंवा सोबतची आपली टीव्हीवरची विनोदी दुनिया आठवा. हिंदीत कपिल शर्माच्या शोमध्ये गुत्थी म्हणजे सुनील ग्रोव्हर, दादी म्हणजे अली असगर, पलक म्हणजे किकू शारदा. २०१४ पासून घराघरात पोचलेल्या ‘चला हवा येऊ द्या’मध्येही पुरुषाने साडी नेसली की अर्धा विनोद झाला असं धरलेलं असायचं. श्रेया बुगडे एकटी किल्ला लढवायची. ‘मोरूची मावशी’ची परंपरा आपल्याकडे आहेच, आणि मला त्या सोंगाचं वावडं नाही. विजय चव्हाणांची मावशी हे मोठंच काम होतं. पण दर आठवड्याला तेच होऊ लागलं की त्याचा अर्थ बदलतो. बाई हसवू शकत नाही, बाईसारखा दिसणारा पुरुष हसवू शकतो, असा.

हास्यजत्रेने हे मोडलं, आणि गाजावाजा न करता मोडलं. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात, शिवाली परब, रसिका वेंगुर्लेकर, चेतना भट, ईशा डे. एका विनोदी कार्यक्रमात इतक्या बायका, आणि त्यांना ‘अहो, चहा घ्या’ म्हणून ट्रे ठेवून निघून जायचं नाही. त्यांनी विचित्र व्हायचं, कुरूप चेहरे करायचे, लोळायचं, किंचाळायचं. आमच्या घरी आई ज्या स्किट्सना सर्वांत जास्त हसते ती बायकांची असतात. ती एकदा म्हणाली, “बायकांना इतकं येड्यासारखं वागू देतात, हेच बरं वाटतं.” मला समीक्षेत याहून नेमकं वाक्य सापडलेलं नाही.

भाषेचंही तसंच. आपल्या मालिकांमधली सगळी माणसं एकाच बंगल्यात वाढल्यासारखी बोलतात. हास्यजत्रेत प्रभाकर मोरे बोलायला लागले की कोकण येतं, अरुण कदमांचा ‘दादूस’ आला की आगरी येते, शिवाली परब कल्याणचा उल्लेख मिरवते. गौरव मोरे तर ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ म्हणूनच ओळखला गेला. पवईतल्या एका वस्तीचं नाव त्याने बिरुदासारखं लावलं. यातला बहुतेक नकाशा मुंबई आणि कोकणाचा आहे हे खरं. सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये, सिडकोच्या गल्ल्यांमध्ये जे खानदेशी वळणाचं मराठी बोललं जातं, कळवण-बागलाणकडची अहिराणी, ते इथे फार कमी ऐकू येतं. तरीही, जेवढा आहे तेवढा नकाशा बाकीच्या वाहिन्यांच्या दिवाणखान्यांपेक्षा मोठाच.

आता वाईटाकडे येतो, आणि आधी छोटं वाईट. कार्यक्रमाला स्वतःच्या विनोदावर विश्वास कमी आहे. कलाकाराने एक चांगली जागा घेतली की कॅमेरा लगेच सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक यांच्याकडे जातो. ते खुर्चीत हसतायत. मग वाद्यांचा एक ठणका. मग प्राजक्ता माळीचं ‘वाह दादा वाह’. हे तिघंही मला आवडतात, मुद्दा त्यांचा नाही. मुद्दा असा की स्किटमध्ये विनोदाइतकीच त्यानंतरची शांतता महत्त्वाची असते. समीर चौघुलेने एखादा चेहरा केला, तर त्या चेहऱ्यावर आणखी दोन सेकंद राहायला हवं, कारण खरी गंमत चेहरा उतरताना असते. नेमकं तेव्हाच आपण दुसऱ्याच कोणाचं हसणं बघत असतो. अमेरिकन टीव्हीने १९५०च्या दशकात यंत्रातून रेकॉर्ड केलेलं हसू वाजवायला सुरुवात केली, त्याचाच हा माणसांकरवी केलेला प्रकार. प्रेक्षकाला सांगायचं, इथे हसायचं बरं का. अरे, कळतं आम्हाला.

मोठं वाईट म्हणजे तोच शब्द, निखळ.

शब्दकोशातला अर्थ बाजूला ठेवू. ‘निखळ विनोद’ म्हणताना आपल्याला अभिप्रेत असतं की यात अश्लील काही नाही, दुहेरी अर्थाचं नाही, आजी आणि नातवंडं एकत्र बसू शकतात. म्हणजे ‘निखळ’ची व्याख्या फक्त एका प्रकारच्या भेसळीपुरती आहे. बाकी काय मिसळलंय हे कोणी तपासत नाही. आणि हास्यजत्रेत भेसळ आहेच. रंगाची आहे, जाडीची आहे, केसांची आहे, गरिबीची आहे. गौरव मोरे आणि वनिता खरात यांची जोडी असलेल्या स्किट्स आठवा. त्याचं दिसणं आणि तिचं शरीर यांवरून किती हशे वसूल केले जातात ते बघा. कथा काहीही असो, अडली की गाडी तिथेच जाते. लेखकाच्या खिशातली ती शंभराची सुटी नोट आहे. कुठेही चालते.

बर्गसाँने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. हसण्यासाठी काळीज थोडा वेळ बधिर करावं लागतं, आणि हसणं नेहमी एका गटाचं असतं. खुळावर हसताना हे बधिर करणं चालतं, कारण खूळ टाकून देता येतं. ज्याला दुसऱ्याचं बोलणं तोडायची सवय आहे तो उद्या गप्प बसू शकतो. काळा माणूस उद्या काय करणार?

इथे नेहमीचं उत्तर येतं, की तो स्वतःच स्वतःवर हसतोय, त्याला चालतंय, तुला काय? हे उत्तर मी अगदीच उडवून लावत नाही. गौरव मोरेने आपल्या वस्तीचं नाव लपवण्याऐवजी कपाळावर लावलं, यात ताकद आहे. वनिता खरातचं तर अधिकच. २०१९च्या ‘कबीर सिंग’मध्ये काचेचा ग्लास फुटला म्हणून नायक ज्या मोलकरणीच्या मागे धावत सुटतो, ती वनिता. थिएटरात लोक त्या प्रसंगाला हसले होते आणि बाहेर त्यावर टीकाही झाली होती. त्याच वनिताने २०२१च्या सुरुवातीला, अंगावर कपडे नाहीत, फक्त पुढे धरलेला एक पतंग, असं छायाचित्र काढून घेतलं आणि आपल्या शरीराचा आपल्याला अभिमान आहे हे जाहीर केलं. तेजस नेरुरकरने काढलेलं ते छायाचित्र त्या आठवड्यात प्रत्येकाच्या फोनवर होतं. मराठी अभिनेत्रीने इतक्या थेटपणे हे केल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. तरी नंतरही स्किट्समध्ये तिच्या जाडीवरचे विनोद सुरूच राहिले. कलाकार पुढे गेली, लेखन जिथे होतं तिथेच राहिलं.

शिवाय कलाकाराने स्टेजवर दिलेली परवानगी स्टेजवरच संपते. क्लिप खाली उतरून आपल्यात येते तेव्हा ती परवानगी सोबत येत नाही.

माझ्या टीममध्ये दोन वर्षांपूर्वी एक ट्रेनी आला, सुरगाणा तालुक्यातला. रंगाने काळा, केस कुरळे, किडकिडीत. आठवडाभरात त्याला हास्यजत्रेवरून एक टोपणनाव पडलं. कुठलं ते तुम्ही ओळखलं असेल. मग लंचच्या ग्रुपवर त्या क्लिप्स, त्याला टॅग करून. कोणी दुष्ट नव्हतं. सगळे ‘निखळ’ हसत होते. तोही हसायचा. नवीन माणूस दुसरं काय करणार? एकदा पाथर्डी फाट्याला चहा पिताना मी त्याला सरळ विचारलं की त्या नावाचा राग येतो का. तो जरा थांबून म्हणाला, “दादा, नावाचा नाही येत. गौरव मोरे मला आवडतो. टीव्हीवर माझ्यासारखा दिसणारा हिरो तोच एक आहे. पण तो जे भारी करतो ते कोणी मला टॅग करत नाही. त्याच्या दिसण्यावर बोलतात तेवढंच पाठवतात.”

या उत्तराने माझा सोपा निकाल अवघड केला. मी मनात धरून बसलो होतो की असे विनोद बंद झाले की प्रश्न मिटेल. पण हास्यजत्रा नसती तर त्या पोराला टीव्हीवर स्वतःसारखा चेहरा दिसलाच नसता, हेही तितकंच खरं. मालिकांचे नायक सगळे गोरे. जाहिरातीतली मुलं गोरी. गौरव मोरे त्या पडद्यावर आला, टायमिंगच्या जोरावर टिकला, पुढे २०२४ मध्ये हिंदी कार्यक्रमातही गेला. दार या कार्यक्रमाने उघडलं. मात्र आत येताना चौकटीवर डोकं आपटून घ्यायची अट घातली, आणि त्या आपटण्यालाच टाळ्या मिळवल्या. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि कौतुकाच्या लेखांत यातलं फक्त पहिलं असतं. खरं म्हणजे बऱ्याचदा पहिलंही नसतं, कारण तिथे ‘निखळ’ लिहून गाडी पुढे गेलेली असते.

परंपरेचा मुद्दा राहिला. हास्यजत्रेला तमाशाची, वगाची परंपरा जोडण्याची हौस अनेकांना आहे. तमाशात गण, गौळण झाली की बतावणी येते आणि मग वग. त्यातला सोंगाड्या हा राजाच्या तोंडावर बोलणारा माणूस. वसंत सबनिसांचं १९६५चं ‘विच्छा माझी पुरी करा’ घ्या. त्यात खिल्ली उडते ती राजाची, प्रधानाची, कोतवालाची. दादा कोंडके त्यात ताज्या घडामोडींवरच्या कोट्या घालायचे आणि लोक त्या ऐकायला पुन्हा तिकीट काढायचे. म्हणजे विनोद खालून वर जायचा. हास्यजत्रेत वर जाणारा विनोद जवळपास नाहीच. मंत्री, पोलीस, बिल्डर, वाहिनीचे मालक, कोणाच्याही केसाला धक्का लागत नाही. पात्रं बहुतेक घरातली, शेजारची, नात्यातली.

यात मी फार दोष देणार नाही. प्रत्येक विनोदाने सरकार पाडलंच पाहिजे असं काही नाही, आणि आजच्या दिवसांत टीव्हीवर कोण काय बोलू शकतो हे आपल्याला माहीत आहे. पण मग परंपरेचं नाव घेऊ नये. सोंगाड्याची टोपी घालायची आणि राजाकडे पाठ करून गर्दीतल्या गरिबाची चेष्टा करायची, याला वेगळं नाव द्यावं लागेल.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने बोलायलाच हवी. आठवड्यातले कित्येक दिवस नवीन भाग, प्रत्येक भागात एकाहून जास्त स्किट्स, आणि हे वर्षानुवर्षं. आमच्याकडे दर आठवड्याला प्रॉडक्शनला रिलीज करायचं म्हटलं तर टेस्टिंगवाले संपावर जातील. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर हे कलाकार स्वतः लिहितातही, म्हणजे रात्री लिहायचं आणि दिवसा उभं राहायचं. या वेगात शंभराची सुटी नोट खिशातून निघणारच. ओंकार भोजने मध्येच गेला, विशाखा सुभेदार गेल्या, गौरव गेला. प्रत्येक वेळी वाटलं आता संपलं, आणि प्रत्येक वेळी मागच्या रांगेतून कोणीतरी पुढे आलं. एवढी पक्की नटमंडळी मराठी टीव्हीवर एका जागी माझ्या माहितीत दुसरी नाही.

या वेगाचा सर्वांत मोठा फटका स्किट्सच्या शेवटाला बसतो. सुरुवात झकास, मध्य चढता, आणि शेवट म्हणजे सगळे एकदम ओरडतात नाहीतर नाचतात. स्केच संपवणं जगात सगळ्यांनाच अवघड गेलंय. इंग्लंडच्या मॉन्टी पायथन मंडळींनी १९६९ मध्ये त्यावर उपाय काढला, की संपवायचंच नाही. मध्येच सोडून द्यायचं आणि भलत्याच गोष्टीकडे वळायचं. हास्यजत्रेला तसं करता येत नाही, कारण शेवटी खुर्चीतल्या पाहुण्यांना चार शब्द बोलायचे असतात. कधी कधी शेवटच्या मिनिटाला डोळ्यांत पाणी आणणारं भाषण येतं. त्यातली काही मनापासूनची असतात. बरीचशी मला शाळेच्या गॅदरिंगची वाटतात.

म्हणून मला ‘गुलकंद’ बघायची उत्सुकता होती. सचिन मोटे यांचं लेखन, सचिन गोस्वामी यांचं दिग्दर्शन, १ मे २०२५ला आलेला सिनेमा. त्यात समीर चौघुले आणि ईशा डे आहेतच, पण सई ताम्हणकर आणि प्रसाद ओकही आहेत. एरवी खुर्चीत बसून हसणारे दोघे इथे पात्रं झालेत, त्यामुळे कॅमेऱ्याला पळून जायला जागाच उरली नाही. मला तो सिनेमा ग्रेट वाटला नाही, बरा वाटला. पण समीर चौघुलेच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो, तो काहीतरी बोलायला जातो, बोलत नाही, आणि कोणतंही वाद्य वाजत नाही. थिएटरात माझ्या पुढच्या रांगेतल्या एक काकू तेवढ्यालाच हसल्या, एकट्याच, जरा उशिरा.

कोणी हास्यजत्रा बघितलीच नसेल तर नवीन भागांपासून सुरुवात करू नका. यूट्यूबवर समीर–विशाखाची जुनी जोडी शोधा, मग नम्रता आणि प्रसाद खांडेकर. आणि गौरव मोरेचं असं स्किट शोधा ज्यात त्याच्या दिसण्यावर कोणी काही बोलत नाही. शोधायला थोडा वेळ लागेल.